थंडीआधी मधपेट्यांची दारं: या हंगामाच्या नोंदी

३१ ऑगस्ट

यंदा नोंदी ठेवायच्याच असं ठरवलंय. गेल्या थंडीत माझी ३ नंबरची पेटी गेली आणि ती गारठ्याने नाही गेली, उपाशी राहून नाही गेली, उंदराने घालवली. थंडी संपल्यावर झाकण उघडलं तर वरच्या चौकटींत मध जसाच्या तसा, आणि खाली मागच्या कोपऱ्यात वाळलेलं गवत, पाचोळा आणि कुरतडलेल्या मेणाचा चुरा यांचं मोठंच्या मोठं घरटं. तीन चौकटींचं पोळं खालून अर्धगोल खाल्लेलं, उंदराच्या मुताचा उग्र वास, आणि ओंजळभर मेलेल्या माश्या. आदल्या ऑगस्टमध्ये हीच पेटी सगळ्यात दांडगी होती. दाराला जाळी लावायचं मी "या रविवारी नको, पुढच्या" करत तीन आठवडे ढकललं होतं, तेवढ्यात तो आत जाऊन बसला असणार.

आता पाच पेट्या आहेत, ३ नंबरच्या जागी नवीन वसाहत आहे. आज सगळ्यांची दारं टेपने मोजली. तळपाटाचं (पेटीच्या तळाच्या फळीचं) तोंड २० मिमी उंच आणि ३७ सेमी रुंद, म्हणजे उन्हाळ्यात मधाचा भर असताना अगदी योग्य, पण उंदराला साधारण १० मिमीची फट पुरते त्यामुळे या दारातून तो सरळ चालत आत जाईल. शिवाय १ नंबरच्या एकावर एक ठेवलेल्या दोन कोठ्यांच्या (पेटीच्या मजल्यांच्या) मध्ये एका कोपऱ्यात फट सापडली, लाकूड वाकलंय. दार कितीही नीट केलं तरी अशी फट म्हणजे दुसरं दारच की. ती आजच पट्टी ठोकून बुजवली.

७ सप्टेंबर

गांधीलमाश्या सुरू झाल्या. आधी तुरळक होत्या, आज १० मिनिटांत एकट्या ४ नंबरच्या दारात नऊ मोजल्या.

या दिवसांतच त्या का येतात हे एकदा समजलं की रागही थोडा कमी होतो. उन्हाळाभर गांधीलमाश्या किडे मारून आपल्या अळ्यांना भरवतात आणि त्या बदल्यात अळ्या त्यांना गोड लाळ देतात, त्यावर मोठ्यांचं भागतं. हंगाम संपत आला की घरट्यात नवीन अळ्या कमी होतात आणि ती गोड लाळ बंद होते, मग हजारो भुकेल्या कामकऱ्या गोडाच्या शोधात फिरतात. मधपेटीसारखी दुसरी जागा त्यांना कुठे मिळणार?

चार पेट्यांची दारं लाकडी पट्टी घालून ८-१० सेमीवर आणली. ४ नंबर कमजोर आहे, तिचं दार २ सेमी. गणित सोपं आहे, ३७ सेमी दारावर पहारेकरी माश्या पांगतात आणि मधून कोणीही घुसतं, पण २ सेमीच्या दारात सहा-सात माश्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या की येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या अंगावरूनच जावं लागतं. पट्टी लावून अर्धा तास समोर बसले. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ, परतणाऱ्या माश्या जुन्या जागी लाकडावर आपटत होत्या, मग हळूहळू रांग लागली. एका गांधीलमाशीला चार जणींनी मिळून ओढत दारापुढच्या फळीवरून खाली टाकलं. बघताना मी श्वास धरून बसले होते.

१० सप्टेंबर

आज चूक झाली, लिहून ठेवते म्हणजे परत होणार नाही. ४ नंबरला पाक द्यायचा होता आणि तो भर दुपारी दिला, वर ओतताना थोडा पेटीच्या पुढच्या बाजूने ओघळला. वीस मिनिटांत लूट सुरू झाली, म्हणजे बाहेरच्या माश्या येऊन आतला मध पळवायला लागल्या.

आधी वाटलं नवीन माश्या उडायला शिकतायत, त्याही दुपारीच येतात आणि दारासमोर बरीच गर्दी करतात. पण शिकाऊ माश्या पेटीकडे तोंड करून शांतपणे वरखाली झुलतात, मारामारी नसते. लुटणाऱ्या बाजूबाजूने हेलकावे घेत, सांधे आणि कोपरे हुंगत येतात, दारात जोड्याजोड्यांनी गुरफटून पडतात, आणि बाहेर पडताना पोट मधाने एवढं जड असतं की काही जणी आधी पेटीच्या भिंतीवर चढतात आणि मग उडतात. हे भिंतीवर चढणं दिसलं की शंकाच नको.

दार एका माशीपुरतं केलं, समोरून ओलं जाड कापड असं लटकवलं की घरच्या माश्या खालून कडेने जाऊ शकतील, सांडलेला पाक भरपूर पाण्याने धुतला. अंधार पडेपर्यंत थांबले. आता नियम असा की पाक फक्त सूर्य मावळल्यावर, आणि थेंबही बाहेर नाही. लुटीत नुसता मध जात नाही, लुटायला येणाऱ्या माश्यांबरोबर माइटची (माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या बारीक परजीवी किड्यांची) पण देवाणघेवाण होते.

१५ सप्टेंबर

माइटचं निघालंच तर तपासणी उरकली, अर्धा कप म्हणजे अंदाजे ३०० माश्या बरणीत घेऊन पिठीसाखरेत घोळवल्या (राणी त्यात नाही ना हे दोनदा बघून) आणि गळालेले माइट मोजले. चार पेट्या ठीक. ४ नंबरमध्ये १२, म्हणजे शंभराला चार. शंभराला तीनच्या वर गेलं की मी वाट बघत नाही.

पण माइटच्या औषधापाशी दाराचा पेच आला. फॉर्मिक अ‍ॅसिडच्या पट्ट्या ठेवायच्या तर दार पूर्ण उघडं ठेवावं लागतं, वाफ कोंडली की राणीला आणि पिल्लांना धोका. आणि हीच ती कमजोर पेटी जिचं दार मी आठवड्यापूर्वी २ सेमीवर आणलं. दोन दिवस विचारात गेले. शेवटी थोडे गार दिवस बघितले, कारण पट्ट्या ठेवल्यावर पहिले तीन दिवस दुपारचं तापमान २९-३० च्या वर जायला नको आणि गारव्यात गांधीलमाश्याही सकाळी उशिरा निघतात. तर दारातली लाकडी पट्टी काढून दार सताड उघडं, सात दिवस. रोज सकाळी आणि दुपारी जाऊन बघायचं, लुटीचं चिन्ह दिसलं तर काय करायचं तेही ठरवून ठेवलंय.

२२ सप्टेंबर

सात दिवस संपले, पट्ट्या काढल्या, दार परत २ सेमी. राणी आहे, ताजी अंडी दिसली. खूप हायसं वाटलं.

२८ सप्टेंबर

आता खरं काम, उंदरासाठीचं दार. गेल्या वर्षी ढकललेलं तेच. तीन प्रकार करून बघितले.

पहिला, १२ मिमी चौकोनांची तारेची जाळी. कापायला सोपी, माश्या बिनबोभाट ये-जा करतात, पण उंदराचं लहान पिल्लू यातून जाईल असं मला बघूनच वाटतं, आणि तार पातळ असेल तर चौकोन वाकवून मोठाही होतो. नको.

दुसरा, पत्र्याची पट्टी आणि तिला ९ मिमीची गोल भोकं ओळीने. उंदीर अडतो हे नक्की. तोटा आज समोर बसून बघितला, मागच्या पायांवर परागकणांचे मोठे गोळे घेऊन आलेली माशी गोल भोकातून जाताना अंग आक्रसते आणि गोळा काठाला घासून गळतो. तासाभरात फळीवर पिवळे-केशरी दाणे पडलेले दिसले. ही हळहळ नुसती पसाऱ्याची नाही. आत्ता पेटीत ज्या माश्या वाढतायत त्या थंडीच्या माश्या आहेत, उन्हाळ्यातली कामकरी पाच-सहा आठवडे जगते आणि ही चार ते सहा महिने काढते, ते पण लहानपणी पोटभर पराग मिळाले आणि अंगात चरबी साठली तरच. त्यांच्या तोंडचा घास दारात सांडून मी उंदीर अडवणार, हे मला पटत नाही.

तिसरा, लाकडाची जाड पट्टी आणि तिच्या खालच्या काठाला आडवी लांब फट, ८ मिमी उंच. उंदराचं बाकी अंग कितीही लवचिक असलं तरी डोक्याची कवटी दाबली जात नाही, त्यामुळे फटीची रुंदी कितीही असो, उंची कमी असली की पुरतं. माशीला मात्र आडवी फट खूप सोयीची, बाजूला मोकळी जागा असल्यामुळे परागाचे गोळे घासत नाहीत, दोघी-तिघी शेजारून जातात. अडचण अशी की लाकूड उंदीर कुरतडतो आणि ८ चे १५ मिमी करायला त्याला एक रात्र पुरते. म्हणून फटीच्या काठावर पत्र्याची पट्टी दुमडून, धार आतल्या बाजूला वळवून, स्क्रूने बसवली. प्लास्टिकचं तयार दार पण मिळतं पण कुरतडायचा प्रश्न तोच.

तिसराच पक्का. फटीची उंची मोजायला ८ मिमीचा ड्रिल बिट घेतला, फटीत सरकला पाहिजे आणि १० चा बिट अडला पाहिजे. टेपपेक्षा हे बरं, टेपवर १ मिमी इकडेतिकडे होतोच आणि इथे १ मिमीलाच किंमत आहे.

४ ऑक्टोबर

पाचही दारं तयार. लावायच्या आधी एक बघायचं होतं, उंदीर या बाजूला फिरतायत का. काल संध्याकाळी प्रत्येक पेटीसमोर एक रुंद फळी ठेवली आणि तिच्यावर चाळलेली राख पातळ पसरली. आज सकाळी ५ नंबरच्या फळीवर बारीक पावलांची रांग आणि मधून शेपटीची रेघ, दाराच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरलेली. परत फिरली म्हणजे अजून आत पहारा आहे. बाकी चार फळ्या कोऱ्या.

५ ऑक्टोबर

दार लावायच्या आधी आत उंदीर नाही ना हे बघायलाच हवं, नाहीतर त्यालाच आत कोंडून पेटी त्याच्या हवाली केल्यासारखं. तो रात्री फिरतो आणि दिवसा घरट्यात झोपतो म्हणून हे काम दिवसाच करायचं. प्रत्येक कोठी तळपाटावरून सुटी करून मागून तिरकी उचलली आणि खाली टॉर्च मारला. धूर अगदी थोडा. १ ते ४ स्वच्छ. ५ मध्ये मागच्या उजव्या कोपऱ्यात गवताच्या सात-आठ काड्या आणि दोन लेंड्या! घरटं नाही, पण जागा हेरून ठेवलेली. म्हणजे काल दिसलेली रांग पहिली नव्हती, तो आधीच एकदा आत जाऊन आला होता.

अंगावर काटा आला. अजून आठवडा थांबले असते तर गेल्या वर्षीचंच परत झालं असतं. कोपरा खरवडून पुसला, चौकटींच्या मध्ये सगळीकडे टॉर्च मारून बघितलं, आणि तिथल्या तिथे दार बसवून दोन्ही टोकांना स्क्रू आवळले. संध्याकाळपर्यंत बाकीची चारही लागली.

१३ ऑक्टोबर

नर माश्यांची हकालपट्टी चालू आहे. थंडीत त्यांना पोसायचं नाही म्हणून कामकऱ्या त्यांना पंख धरून बाहेर ओढतात. आता झालंय असं की ओढणारी आणि ओढला जाणारा दोघं मिळून ८ मिमीच्या फटीत अडकतात, नर केवढा जाड असतो. २ नंबरच्या दारात आज सकाळी अर्धी फट अशी बुजलेली. दुपारी तासभर दारं काढली, मी तिथेच बसून राहिले, त्यांनी भराभरा सगळा निचरा केला, मग परत लावली. हे अजून दोन-तीन दिवस करावं लागेल. पुढच्या वेळी दोन्ही टोकांना स्क्रूऐवजी फिरती पट्टी करायची, स्क्रू रोज काढघाल करून लाकडातलं भोक सैल होतं.

मधाच्या रिकाम्या चौकटी पण आज आत घेतल्या. मेणकिडा लागू नये म्हणून थोड्या थोड्या करून दोन-दोन दिवस फ्रीजरमध्ये आणि मग घट्ट झाकून.

२ नोव्हेंबर

पहिली खरी थंडी. पहाटे लाल टॉर्च घेऊन गेले (लाल उजेड माश्यांना जवळजवळ दिसत नाही) आणि पाचही दारांत बघितलं. एकही माशी नाही.

हे डोळ्यांनी बघणं वेगळंच असतं. साधारण १४ अंशांच्या खाली गेलं की माश्या एकमेकींना बिलगून स्वतःचाच एक गोळा बनवतात, बाहेरच्या थरातल्या डोकं आत घालून अंगाचं पांघरूण करतात, आतल्या पंखांचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात. दारात उभी राहिलेली माशी काही वेळात गारठून पडेल म्हणून पहारेकरीही गोळ्यात जातात. उन्हाळ्यात उंदीर आत शिरला तर डंख मारून मारतात, ओढून नेता येत नाही एवढा मोठा असला तर प्रोपोलिसने (झाडांच्या डिंकापासून माश्या बनवतात त्या चिकट पदार्थाने) मढवून टाकतात. पण आत्ता एवढी दांडगी वसाहत, मधाने भरलेलं ऊबदार घर, आणि दारात कोणी नाही. पुढचे चार महिने ती ८ मिमीची फट आणि पत्र्याची कड एवढाच पहारा.

पेट्या पुढच्या बाजूला किंचित कलत्या केल्या, आत जमलेलं पाणी दारातून निघून जावं म्हणून.

१८ नोव्हेंबर

५ नंबरवर हल्ला झाला. राखेवर भरपूर पावलं, आणि दाराच्या डाव्या टोकाला पत्रा संपतो तिथल्या लाकडावर दातांचे ताजे ओरखडे, बोटभर लांब. पत्रा टोकापर्यंत घेतला नव्हता, १५ मिमी आधीच थांबवला होता. फट अजून ८ च आहे, बिट लावून बघितला. लगेच नवीन पत्रा कापून तो काठ पूर्ण मढवला आणि मग उरलेल्या चारही दारांचा तोच कोपरा.

नंतर कान पेटीला लावला. आत एकसारखी बारीक गुणगुण. पाच मिनिटं तशीच उभी राहिले.

१९ डिसेंबर

दार लहान केलं की दुसरं काम अंगावर येतं ते हे, मेलेल्या माश्या. थंडीत म्हाताऱ्या माश्या गोळ्यातून गळून तळपाटावर पडतात, काहीशे तरी पडतातच, त्यात काही वावगं नाही. पण ऊन पडून बाहेर काढायची संधी मिळेपर्यंत त्या दाराच्या आत साठतात आणि ८ मिमी बुजायला वेळ लागत नाही. मग आतल्यांना हवा नाही, ओल वाढते, आणि उडायचा दिवस आला तरी बाहेर पडता येत नाही. जाड तार टोकाला वाकवून केलेला आकडा फटीतून घालून हलक्या हाताने ओढायचा, पेटीवर न आपटता. २ आणि ३ मधून बऱ्याच निघाल्या, बाकी ठीक. दर दहा दिवसांनी हे करायचं.

१ नंबरमधून निघालेल्या माश्या मात्र वेगळ्या. डोकं सुटं, पंख सुटे, आणि धड आतून पोकळ, नुसतं टरफल. उंदीर माशीचं असं करत नाही, त्याला मध, पराग आणि ऊब हवी असते. हे चिचुंद्रीच्या जातीतल्या छोट्या जनावराचं काम, ते आत येऊन गारठलेल्या माश्या एकेक करून उचलतं, आणि उंदराहून बारीक असल्यामुळे ८ मिमीतून येऊ शकतं.

लगेच १ नंबरचा खालचा ट्रे ओढून बघितला, आत्ता आत काही नव्हतं. दारावर बाहेरून ६ मिमीची तारेची जाळी ठोकली. सप्टेंबरमध्ये जी जाळी मी परागासाठी नको म्हटली असती तीच आत्ता चालेल, कारण पराग येतच नाहीयेत, आणि एकटी कामकरी त्यातून बाहेर पडू शकते. तोटा एवढाच की मेलेली माशी ओढून काढणं त्यांना जड जाईल, म्हणून १ नंबरला दर पाच दिवसांनी आकडा.

८ जानेवारी

ऊन, वारा नाही, दुपारी १२ अंश. उडाल्या! पाचही पेट्यांतून. आठवडे न् आठवडे पोटात धरून ठेवलेली घाण त्या पेटीत टाकत नाहीत, अशा दिवसाची वाट बघतात, सगळ्या पेट्यांची झाकणं पिवळ्या ठिपक्यांनी भरली. १ नंबरच्या जाळीतून बाहेर पडायला जरा गर्दी झाली, पण पडल्या. ४ नंबर, माइटवाली, तिच्यातून सगळ्यात कमी, तरी आहेत.

११ फेब्रुवारी

ट्रे तपासले. चौकटींच्या मधल्या ओळींत पिठासारखा बारीक मेणाचा भुगा, म्हणजे मधावरची झाकणं फोडून खातायत, गोळा कुठे बसलाय तेही त्या ओळींवरून कळतं. उंदीर असता तर पोळ्याचे जाडे तुकडे आणि लेंड्या असत्या. पाचही ट्रेमध्ये नाहीत. १ नंबरमध्ये पोकळ माश्या डिसेंबरनंतर दिसल्या नाहीत.

६ मार्च

१ नंबरच्या दारात आज पहिले परागकण, फिकट पिवळे, जाळीच्या बाहेर फळीवर सांडलेले. तारेची जाळी ताबडतोब काढली, पहिल्या परागावरच नवीन पिल्लं वाढणार आहेत. ८ मिमीची दारं अजून तशीच, रात्री अजून गारठा आहे आणि पहाटे दारात कोणी नसतं. पहाटे टॉर्च मारल्यावर आतून माश्या सामोऱ्या आल्या की काढेन.

२९ मार्च

पहाटे ५ नंबरच्या फटीत टॉर्च मारला तर सहा जणी ओळीने, मिशा बाहेर काढून. दुपारी पाचही दारं उतरवली, ५ नंबरची कोठी उचलून मागचा उजवा कोपरा बघितला, स्वच्छ. दारं खरवडून, प्रत्येकावर पेटीचा नंबर आणि "पत्रा टोकापर्यंत" असं लिहून ठेवली. स्क्रूच्या जागी फिरत्या पट्ट्या बसवायच्या बाकी आहेत, त्या ऑगस्टच्या आत.